विषय: केजच्या बाळाचं ऑपरेशन

8 डिसेंबर

मंडळी, नमस्कार.

माझी वहिनी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलीला दोन महिन्यांपूर्वी भाऊ झाला. बाळाचा वरचा ओठ डावीकडे थेट नाकपुडीपर्यंत फाटलेला आहे आणि टाळूही दुभंगलेली आहे. आईबाप ऊसतोडीला कोल्हापूर जिल्ह्यात गेलेत, बाळाला सोबत घेऊन. आजी गावात सगळ्यांना सांगते की सून ग्रहणात विळीवर बसली म्हणून असं झालं. वहिनीने फोटो पाठवलाय, तो इथे टाकावासा वाटला नाही.

ऑपरेशनला दोन-अडीच लाख लागतील असं गावात कोणीतरी म्हणालं. इथे परदेशातल्या आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला तिकिटामागे दहा डॉलर जास्त घेतले तर जमतील का? खजिनदारकाका, तुम्ही सांगा.

— बीडचा सदस्य

9 डिसेंबर

अरे बाळा, तुझा मेल वाचून रात्री झोप लागली नाही. सोलापूरला लहान मुलांच्या वॉर्डात मी सात वर्षं काढली आहेत, अशी बाळं या हातांनी पाजली आहेत. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ऑपरेशनसाठी दोन लाख जमवू नका. ते फुकट होतं. स्माइल ट्रेन नावाची संस्था 1999 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. जगभरच्या देणगीदारांच्या पैशातून ती भारतातल्या तिच्या भागीदार रुग्णालयांना या शस्त्रक्रियांचा खर्च देते, आईबापांना बिल येत नाही. शिवाय सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झालेला. फाटलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू त्याच्या यादीत आहेत. वहिनीला म्हणावं, आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना गाठ, त्या या कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव लावतील.

मग अडतं कुठे? वजनावर. ओठ शिवायला बाळ किमान 10 आठवड्यांचं, 10 पौंडांचं म्हणजे साडेचार किलोचं आणि हिमोग्लोबिन 10 असलेलं हवं, हा डॉक्टरांचा जुना ठोकताळा. टाळू फाटली की बाळाला ओढ घेताच येत नाही. आई छातीला लावते, बाळ चुटूचुटू करतं, दमतं आणि उपाशीच झोपतं. आईला वाटतं प्यायलं. वजन काय आहे ते आधी विचार.

वहिनीला हे नीट समजावून सांग. आईने दूध वाटीत काढायचं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, डोकं आपल्या कोपरावर. आपलं जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची वाटी घ्यायची, नसेल तर छोटा चमचा. त्याची चोच गालाच्या आत, न फाटलेल्या बाजूला टेकवायची आणि थेंबथेंब सोडायचं. नाकातून दूध आलं तर घाबरायचं नाही, थांबायचं, पुसायचं, पुन्हा द्यायचं. मध्ये दोन-तीनदा खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, कारण ही बाळं हवा फार गिळतात. एका पाजण्याला अर्धा तास जातो. उसाच्या फडात पहाटे चारला मोळ्या बांधायला गेलेल्या बाईने हा अर्धा तास दिवसातून आठ वेळा कुठून आणायचा?

पैसे इथे लागतात. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. बाई बाळाला घेऊन बसली की मजूर नेणारा मुकादम खाडा, म्हणजे बुडलेल्या दिवसाचा दंड लावतो आणि उचल फिटत नाही, वाढते. फुकट ऑपरेशनच्या तारखेला लोक का येत नाहीत, याचं उत्तर मला वॉर्डात कोणी दिलं नव्हतं. एका आईनेच दिलं. ती म्हणाली, "सिस्टर, आठ दिवसाचा खाडा कोण भरल?"

आणखी एक बोलते, राग मानू नका. काही वर्षांपूर्वी आपण अशाच एका मुलाला मदत केली. शिवलेल्या ओठाचा फोटो आपल्या स्मरणिकेत छापला, टाळ्या वाजवल्या. टाळूचं कोणी विचारलं नाही, मीही नाही. पुढे तो मुलगा मला भेटला तेव्हा पाच वर्षांचा होता आणि बापाला हाक मारत होता, "मामा". त्याला "बाबा"च म्हणायचं होतं. टाळू उघडी असली की "ब"ची हवा नाकातून निसटते आणि "म" होतो. टाळू साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत, बोलणं फुटायच्या सुमारास शिवायला हवी. नंतर वाचा-उपचार, कानाची तपासणी, आठ-दहा वर्षांचा झाला की हिरडीत हाड भरणं. मदत करायची तर तिथपर्यंत करू.

— तुमची सिस्टरमावशी

10 डिसेंबर

सिस्टर, पटलं. पैशांबाबत मात्र सावध राहायला हवं. मंडळ परदेशात नोंदलेलं, म्हणजे भारतीय कायद्याने आपला पैसा विदेशी योगदान. तो एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येतो आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. बाळाच्या वडिलांच्या खात्यात मंडळाने थेट पाठवणं शक्य नाही. माझ्यासारख्या ओसीआय कार्डवाल्यांनाही, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांनाही, हेच लागू. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ते विदेशी योगदानात धरत नाहीत. तेव्हा खाड्याचे आणि प्रवासाचे पैसे अशा सदस्यांनी वैयक्तिक पाठवावेत. तिकिटाचे जास्तीचे दहा डॉलर नोंदणी असलेल्या संस्थेला, वाचा-उपचारासाठी.

— खजिनदार

11 फेब्रुवारी

मावशी, काका, मंडळी,

डिसेंबरात वजन तीन किलो शंभर होतं. आम्ही सहा जणांनी पैसे पाठवले, वहिनीने मुकादमाशी बोलून खाडा भरला आणि आई बाळाला घेऊन गावी आली. बाप फडातच आहे, चुलतभावासोबत जोडीला. काल अंगणवाडीच्या काट्यावर बाळ चार किलो सहाशे भरलं! हिमोग्लोबिन मात्र 9.2 आलं, म्हणून डॉक्टरांनी लोहाचे थेंब देऊन तीन आठवड्यांनी बोलावलंय.

बोंडलं आता आजीच धरते, सुनेलाही हात लावू देत नाही. तिने वहिनीला विचारलं की टाळूचं ऑपरेशन दसऱ्याच्या आधी होईल का, कारण दसरा झाला की कोयता पुन्हा निघतो. तेव्हा बाळ वर्षाचं होत असेल. मावशी, सप्टेंबरची तारीख मागू का?

— बीडचा सदस्य