मदत हवी आहे: क्विकसँडला (पाय अडकवणाऱ्या ओल्या वाळूला) मराठीत काय म्हणायचं? (तातडीचं)

निशिगंधा: शब्दकोशात दलदल दिलंय, पटत नाही. आज रात्री मुलांच्या मासिकाला मजकूर द्यायचाय. एकच शब्द सांगा, प्लीज.

खाडीकाठ: वाक्य काय आहे? खरी वाळू, की 'कर्जाच्या दलदलीत रुतला' असलं काही? तिथे दलदलच शोभतं.

वाचक२: दलदल लिहा. सगळ्यांना कळतं.

मृदा: चुकीचं कळतं. दलदलीत चिखल, कुजका पाला असतो. क्विकसँडमध्ये साधी वाळू असते. कणांमध्ये पाणी ठासून भरलेलं, बऱ्याचदा खालून वर दाबणारं, त्यामुळे कण एकमेकांवर नीट टेकत नाहीत. वरून घट्ट दिसते, पाय पडला की पातळ होते. १९६४ मध्ये जपानात निगाताला भूकंपाने जमीन अशीच पातळ होऊन इमारती कलंडल्या.

वाचक२: भूकंप कुठून आला मध्येच? बंगालीत चोराबाली म्हणतात. आपण चोरवाळू रूढ करू!

खाडीकाठ: मुलांना चोरवाळू कोण समजावणार? लहानपणी ओहोटीला कालवं काढताना मी मांडीपर्यंत रुतलो होतो. जोर लावला तसा दुसरा पायही गेला. मामा ओरडला, "ओढू नको, मागे रेल नि पाय हळूहळू हलव." सुटलो, चप्पल तिथेच राहिली.

वाचक२: कर्णाच्या रथाचं चाकही अशाच वाळूत रुतलं असेल का?

निशिगंधा: कर्ण राहू द्या हो! मुलांच्या मासिकासाठी आहे. वाक्य: 'इंग्लंडच्या मोरकॅम्बे उपसागरात क्विकसँडने २१ मजुरांना गिळलं.' आधी 'वेगवान वाळू' केलं होतं.

मृदा: क्विक म्हणजे इथे जिवंत, तो जुना अर्थ. पण तुमचं वाक्यच चुकतंय. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री ते चिनी मजूर कॉकल (एक प्रकारचे शिंपले) वेचत होते, भरतीने वेढले आणि बुडाले. किमान २१ जण गेले. ही वाळू माणसाच्या जवळपास दुप्पट घनतेची, कमरेच्या आसपास माणूस तरंगतो, पूर्ण बुडत नाही. मात्र पाय झटकन उपसायला मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकं बळ लागतं, असं २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं होतं. म्हणजे अडकवते वाळू, जीव घेतं पाणी. मुलांना हे कळायलाच हवं.

निशिगंधा: बदलते. 'रुतणारी वाळू' लिहिते, आणि 'गिळलं' काढून भरती घालते. कॉकलला तिसऱ्या चालेल?

खाडीकाठ: नाही, तिसऱ्या वेगळ्या. शिंपले लिहा.