मदत हवी आहे : किलिमांजारो डायामॉक्सशिवाय – मरांगू की लेमोशो?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही दोघं किलिमांजारोला (५८९५ मी.) जायचं म्हणतोय. दोघंही पन्नाशीपुढचे. सह्याद्रीत पाय तयार झालेत, पण कळसूबाई शेवटी १६४६ मीटरच. उंचीचा अनुभव म्हणाल तर सांदकफूपुरता (३६३६ मी.), आणि तिथे यांचं डोकं रात्रभर ठणकत होतं.

यांना सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे डॉक्टरांनी डायामॉक्सला (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) साफ नकार दिलाय. म्हणजे सगळी भिस्त सावकाश चढण्यावर.

घरात वाद चाललाय तो वर जायच्या दोन वाटांवरून, मरांगू की लेमोशो. यांना मरांगू हवी, कारण झोपायला हट त्याच एका वाटेवर आहेत. पाच दिवसांत काम फत्ते. पण मंदारा, होरोंबो, किबो या मुक्कामांनी रोज हजारेक मीटर चढायचं आणि किबोला जेमतेम पाठ टेकून मध्यरात्री शिखराकडे निघायचं, हे मला पटत नाही. लेमोशोला आठ दिवस लागतात. त्यात लाव्हा टॉवरपर्यंत (साधारण ४६०० मी.) चढून मुक्कामाला सहाशे-सातशे मीटर खाली बरांकोला उतरतात, म्हणजे अंग उंचीला सरावतं. पण रोज तंबू! (यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. खरं दुखणं ते आहे, बोलून दाखवत नाहीत इतकंच.)

मरांगूवर होरोंबोला एक जादा दिवस घेतला तर भागेल का? डायामॉक्स न घेता कोणी गेलंय का?

प्रतिसाद :

ताई, मी लेमोशोने गेलो होतो, गोळी न घेता. होरोंबोच्या जादा दिवशी झेब्रा रॉक्स नावाच्या खडकांपर्यंत चढवून परत खाली आणतात. त्याने फरक पडतो, पण माझं मत लेमोशोलाच. बराफूहून (शिखराआधीचा शेवटचा तळ, ४६७३ मी.) मध्यरात्री निघणं तिथेही चुकत नाही. फक्त तोवर अंग उंचीला सरावलेलं असतं. गाइड ‘पोले पोले’ (हळूहळू) म्हणत मुंगीच्या पावलांनी नेतात. पुढे घुसू नका. दम बसूनही कमी होईना किंवा चालताना तोल जायला लागला, तर हुज्जत न घालता खाली उतरायचं.

काकांसाठी रुंद तोंडाची वेगळी बाटली तंबूतच ठेवा. टॉयलेटचा तंबूही एजन्सीकडून भाड्याने मिळतो. शिखराच्या रात्री नळीवाली पाण्याची पिशवी नको, नळी गोठते. साधी बाटली घ्या आणि उलटी ठेवा, म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही.

धागाकर्ती :

धन्यवाद दादा! बाटलीचं ऐकून हे आधी भडकले, आता तंबूला निम्मे तयार आहेत. तो टॉयलेटचा तंबू पॅकेजमध्ये धरतात की पैसे वेगळे?