आयसीयूच्या सिस्टरांसाठी आर्ट थेरपी : गट कसा बसवायचा?

इन्चार्ज_आयसीयू
१४ खाटांचा आयसीयू, २८ सिस्टर. पाळ्या ८ ते २, २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८. आठ आठवड्यांच्या आर्ट थेरपीला मंजुरी मिळाली आहे, थेरपिस्ट बाहेरून येणार. गट कधी बसवावा? सामान काय घ्यावं? 'मला चित्रकला येत नाही' म्हणणाऱ्यांचं काय? शेवटी नर्सेस डेला प्रदर्शन मांडा, असं वरून सुचवलंय.

रंगपेटी
आधी प्रदर्शन रद्द करा. चित्र भिंतीवर लागणार हे कळलं की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि नारळाचं झाड येतं. शाळेतलं चित्र. बक्षीस ठेवलंत तर त्याहून वाईट.

सकाळच्या पाळीतल्या आठजणींचा गट करा, दहाच्या वर नको, आणि आठही आठवडे त्याच आठजणी. हँडओव्हर (पुढच्या पाळीला पेशंट सोपवणं) अडीचपर्यंत लांबतो आणि डबा खायचा राहिलेला असतो, म्हणून ३ ते ४.१५ धरा. ७५ मिनिटं गुणिले आठ म्हणजे १० तास. ते कॉम्प-ऑफमध्ये (जादा वेळेच्या बदली रजेत) लेखी धरून घ्या, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात निम्म्याजणी गळतात. नाईट करून आलेल्यांना बसवू नका.

आणि राग मानू नका, पण तुम्ही त्या गटात बसू नका. रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) लावणाऱ्यासमोर रोट्याबद्दलचं चित्र कोणी काढत नाही.

शाडू_आणि_खडू
सामान थोडंच लागतं : २५ रंगांचे ऑइल पेस्टलचे चार डबे (दोघींत एक), जाड कार्ट्रिज पेपर, मासिकांची रद्दी, फेव्हिकॉल. पेन्सिल-खोडरबर टेबलावर ठेवूच नका, सगळा वेळ खोडण्यात जातो. मोठा कोरा कागद बघून हात आखडतो, म्हणून पहिल्या आठवड्यात ए५ द्या, ए३ चौथ्यापासून.

जलरंग सुरुवातीला टाळा. रंग पसरतो, हाताबाहेर जातो, आणि दिवसभर सगळं काटेकोर ठेवणाऱ्या माणसाला तेच नेमकं सोसत नाही. कोलाज, पेस्टल, मग माती, जलरंग शेवटी.

शाडू माती माणशी अर्धा किलो. कोरडी पावडर आदल्या रात्री भिजवा, मळल्यावर हाताला चिकटता कामा नये. पाणी कमी पडलं तर भेगा जातात. हात बेसिनमध्ये धुऊ देऊ नका, गाळ बसून पाइप तुंबतो. बादलीत धुवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओता. सॅनिटायझरने ज्यांची बोटं फुटली आहेत त्यांना माती झोंबते, त्यांना पेस्टलच द्या. अंगावर जुना ॲप्रन हवाच, पांढऱ्या युनिफॉर्मवरचा पेस्टलचा डाग जात नाही.

समुपदेशक_वॉर्ड७
'येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी : डोळे मिटून, उलट्या हाताने (ज्याने लिहीत नाही त्याने) एक मिनिट गिरगटा. मग कागद फिरवून बघा, कुठे आकार दिसला तर तेवढाच रंगवा. उलट्या हाताकडून चांगल्या चित्राची अपेक्षा कोणी ठेवत नाही, म्हणून हे चालतं.

७५ मिनिटांत १० स्थिरावायला, ३५ काम, २० बोलणं, १० आवराआवर. बोलणं ऐच्छिक. 'या कोपऱ्याबद्दल सांगाल?' एवढंच विचारावं. काळा रंग म्हणजे डिप्रेशन, असले अर्थ कोणी लावू लागलं तर तिथेच थांबवा. कागदावर पेशंटचं नाव किंवा बेड नंबर नको, फोटो वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. कोणी फारच कोसळलं तर पुढे कुणाकडे पाठवायचं हे पहिल्या दिवसाआधी ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टेबलावर लिहून ठेवा.

बर्नआउट, म्हणजे कामाने आलेला साचलेला थकवा, मोजायला मॅस्लॅकची २२ प्रश्नांची यादी विकत घ्यावी लागते. कोपनहेगनची १९ प्रश्नांची मोफत आहे. आधी आणि आठव्या आठवड्यानंतर भरून घ्या, नावाऐवजी कोड.

२०१६ चा ड्रेक्सेल विद्यापीठाचा अभ्यास स्लाइडवर टाकायचा मोह होईल : ४५ मिनिटं कलाकाम, ३९ जणांपैकी सुमारे ७५ टक्क्यांचं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) उतरलं. पण ती निरोगी माणसं होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. बर्नआउटचा पुरावा म्हणून तो दाखवू नका.

इन्चार्ज_आयसीयू
प्रदर्शनाला नाही कळवते. पण पाळ्या फिरतात, तर त्याच आठजणी आठ आठवडे कशा मिळणार?

रंगपेटी
फक्त बुधवार बांधा. त्या आठजणींना आठही बुधवार सकाळ द्या आणि मंगळवारी नाईट लावू नका, बाकी रोटा फिरू दे. एकीला व्हेंटिलेटरवरचे तीन पेशंट असा आठवडा आला तर त्या बुधवारचं सत्र सरळ पुढे ढकला, ओढूनताणून बसवू नका.