राखणदारच उलटला तर? सुपरहिरोंचे काळे सिनेमे: तुमचे अनुभव लिहा

पेडण्याच्या घरी आजी राखणदाराला रोट द्यायची. हा राखणदार म्हणजे देवचार, रात्री गावची शीव राखतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. पण त्याचा मान द्यायचा राहिला तर त्याच्याइतका वाईट कोणी नाही, म्हणायची. 'ब्राइटबर्न' (2019) बघताना तीच आठवली. मूल नसलेलं कॅन्ससचं शेतकरी जोडपं, आकाशातून पडलेलं पोर. इथवर गोष्ट सुपरमॅनचीच. पोर बारा वर्षांचं होतं, अंगात शक्ती येते, दया येत नाही. तुम्हाला कुठला सिनेमा असा लागला? नेमकं काय बघून, ते लिहा.

म्हापशाहून:
'ब्राइटबर्न'च. डोळ्यात काच जाते तिथे मी तोंड फिरवलं, पण लक्षात राहिली ती आई. शेवटपर्यंत मुलाची बाजू घेते आणि त्याला मिठीत घेऊन, तो ज्या यानातून आला त्याचाच तुकडा मागून उगारते. माझा मुलगाही तेव्हा बारावं संपवत होता. रात्री त्याच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी होते.

मडगावहून:
'जोकर', ऑक्टोबर 2019. आर्थरला हसू आवरत नाही, म्हणून तो बसमध्ये बाईच्या हातात कार्ड देतो: हा आजार आहे. माझा भाऊही असाच अवेळी हसायचा. दर महिन्याला त्याला बांबोळीच्या इस्पितळात न्यायचे. बसमधले लोक वळून बघायचे आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे, जणू आम्ही सोबत नाहीच. पुढे सरकारी पैसा बंद होतो आणि आर्थर विचारतो, आता औषधं कुठून आणू? माझ्यासाठी सिनेमातली भीती तिथेच होती. नंतरचे खून बघताना मी तितकी घाबरले नाही. भाऊ आता नाही. ते कार्ड मला सुचायला हवं होतं.

वास्कोहून:
'स्प्लिट'मध्ये एकाच देहात अनेक माणसं वागवणारा नट जेम्स मॅकअव्हॉय थक्क करतो, पण मनाच्या आजाराला राक्षस केलेलं मला पटलं नाही. वरचं वाचून तर अजूनच.

फोंड्याहून:
'क्रॉनिकल' (2012). शाळेत मी मार खाणारा, त्यामुळे पहिल्यापासून त्यातल्या अँड्र्यूच्या बाजूचा. त्याच्या घरी बाप मारतो, आई अंथरुणाला खिळलेली. शक्ती आल्यावर तिघं मित्र ढगांत फुटबॉल खेळतात, तेव्हा मला रडू आलं होतं. मग अँड्र्यू हात न लावता कोळ्याचे पाय उपटतो. मी हसलो. शेजारी धाकटी बहीण बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेली.