जुन्या कॅमेऱ्यातल्या एक्सडी कार्डावरचे फोटो नव्या लॅपटॉपवर कसे घ्यायचे?

निळीशाई:
२००५ च्या आसपासचा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा आहे, अजून चालू होतो. आत एक्सडी कार्ड आहे. मूळ केबल हरवली आहे आणि साधी मिनी-यूएसबी केबल त्याच्या सॉकेटात बसत नाही. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, त्याच्या एसडी खाचेत हे कार्ड जात नाही. एक्सडी कार्ड एसडीच्या खाचेत चालवणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो का? कॅमेऱ्याबरोबरची सीडी लागेल का? शिवाय अगदी सुरुवातीचे काही फोटो कॅमेऱ्यात दिसतच नाहीत. ते पुसले गेले असं समजायचं का?

उघडझाप:
कार्ड खाचेत रेटू नका, आणि तसा अ‍ॅडॉप्टर शोधण्यात वेळही घालवू नका. एसडी कार्डात मेमरीबरोबर तिचा कारभार बघणारी कंट्रोलर चिप असते. एक्सडीमध्ये ती नसते, आत नुसती फ्लॅश मेमरी असते. म्हणून तिच्याशी थेट बोलता येणारा रीडरच लागतो. बाजारात मायक्रोएसडी आणि एक्सडी अशी नावं असलेला एक अ‍ॅडॉप्टर दिसेल, पण तो उलट दिशेचा आहे: मायक्रोएसडी कार्ड एक्सडीच्या कॅमेऱ्यात वापरण्यासाठी. तुमच्या उपयोगाचा नाही.

तुम्हाला यूएसबीचा मल्टी-कार्ड रीडर हवा, ज्याच्या खोक्यावर ‘एक्सडी’ स्पष्ट लिहिलेलं आहे. आजच्या बहुतेक रीडरांत फक्त एसडी आणि मायक्रोएसडी असतं, तेव्हा जुना, वापरलेला रीडर मिळाला तरी उत्तम. विंडोज ११ वर त्याला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. सीडी विसरा. ती सॉफ्टवेअरं त्या काळच्या विंडोजसाठी होती आणि फोटो काढून घ्यायला त्यांची गरज नाही.

कार्ड घातल्यावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसेल. तो अख्खाच्या अख्खा उचला, आतले फोटो सुटे काढू नका. कॅमेऱ्याचे फाइल क्रमांक ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, शिवाय काही कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केलं की क्रमांक पहिल्यापासून चालू करण्याची सोय असते. त्यामुळे वेगवेगळ्या उपफोल्डरांत एकाच नावाचे दोन फोटो असू शकतात. सगळं एका जागी ओतलंत आणि विंडोजच्या प्रश्नाला ‘रिप्लेस’ म्हणालात, तर पहिला फोटो गेला.

तारवाला:
न दिसणाऱ्या फोटोंबद्दल: पुसले गेले असं लगेच धरू नका. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत थोडी अंतर्गत मेमरी असायची, साधारण दहा-वीस एमबी. कार्ड आत असेपर्यंत कॅमेरा ती दाखवतच नाही. कार्ड काढा, कॅमेरा चालू करा आणि प्लेबॅकमध्ये बघा. फोटो निघाले तर मेनूमध्ये ‘बॅकअप’ किंवा ‘कॉपी’ असा पर्याय असतो का ते पाहा. त्यानं अंतर्गत मेमरीतले फोटो कार्डावर उतरतात. पण आधी कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर सुरक्षित घेतलेले असू देत.

हा पर्याय नसेल तर केबलशिवाय इलाज नाही. ऑलिंपसच्या अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत १२ पिनांचं खास सॉकेट होतं. अशी केबल मॉडेल क्रमांक देऊनच शोधावी. जोडताना बॅटरी पूर्ण चार्ज हवी, कारण असे बरेच कॅमेरे केबलवरून चार्ज होत नाहीत आणि मध्येच बंद पडले तर फाइल अर्धवट राहते. लॅपटॉपला कॅमेरा दिसलाच नाही तर मेनूत यूएसबीची सेटिंग बघा. ती ‘प्रिंट’वर असेल तर ‘पीसी’वर आणा. तरीही नाही जमलं, तर मधे यूएसबी २.० चा हब लावून पाहा. नव्या पोर्टांशी न जमणारी जुनी यंत्रं त्यातून कधीकधी चालतात.

निळीशाई:
कार्ड काढल्यावर सुरुवातीचे फोटो खरंच दिसले! रीडरही मिळाला. पण कार्ड लावल्यावर विंडोज म्हणतं, ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’. करू का?

उघडझाप:
अजिबात नको. ‘कॅन्सल’ करा. त्या कार्डावर आता काहीही लिहिलं जाता कामा नये, म्हणजे अंतर्गत मेमरीतले फोटोही त्यावर उतरवू नका. कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या, मऊ कापडानं हलकेच पुसून पुन्हा लावा. तेच कार्ड कॅमेऱ्यात नीट दिसत असेल तर दोष बहुधा रीडरचा आहे: दुसरा रीडर किंवा केबल वापरा. कॅमेऱ्यातही उघडत नसेल, पण विंडोजला ड्राइव्हचा आकार बरोबर दिसत असेल, तर फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेले फोटो लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवायचे, कार्डावर कधीच नाही. मूळ नावं जातील, पण फोटोंत नोंदलेली तारीख सहसा शाबूत राहते.

तारवाला:
आणि कॉपी झाल्यावर नुसत्या छोट्या चित्रांवर विसंबू नका. जेपेग फाइलच्या सुरुवातीलाच एक लघुचित्र साठवलेलं असतं. मुख्य चित्र खराब असलं तरी ते छान दिसू शकतं. फोटो पूर्ण आकारात उघडून बघा, खालचा भाग राखाडी आहे का ते तपासा. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट ‘प्रॉपर्टीज’मध्ये जुळवा. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत होईपर्यंत कार्ड रिकामं करू नका.