हायब्रीड गाडीचं रीडिझाइन : रूप आणि ॲव्हरेज दोन्ही सांभाळायचंय, सल्ला हवा

तिरकी_रेघ

नमस्कार मंडळी. मी पुण्यात ट्रान्सपोर्टेशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिप्लोमासाठी चार दारांची हायब्रीड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, नव्याने घडवतेय आणि अभ्यासाला टोयोटा प्रियसच्या दोन पिढ्या शेजारी मांडल्यात.

अडलंय ते इथे. २०१५ साली आलेल्या चौथ्या पिढीचा ड्रॅग कोएफिशंट, म्हणजे सीडी (आकार हवेला किती अडतो त्याचा गुणांक, कमी तितका चांगला), ०.२४. हवेला इतकी सोयीची गाडी, पण दिसायला कित्येकांना नकोशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवलेली पाचवी पिढी बघताक्षणी आवडते, पण तिचा सीडी ०.२७. हवेच्या हिशोबात ती मागे गेली. आणि तरीही अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या चाचणीत तिच्या एलई मॉडेलचं एकत्रित ॲव्हरेज ५२ वरून ५७ मैल प्रति गॅलन झालं, आपल्या भाषेत लिटरला २२ वरून २४ कि.मी.

आमचे गाइड सर म्हणतात, हायब्रीड आहे तर थेंबासारखा आकार काढ, दुसरा विचारच करू नकोस. वर्गातली मैत्रीण म्हणते, इंजिन चांगलं असलं की आकार कसाही चालतो. मला दोन्ही पटत नाहीत, पण का पटत नाहीत तेही नीट मांडता येत नाहीये. हट्ट कुठे धरू आणि सोडून कुठे देऊ? पुढच्या महिन्यात एक चतुर्थांश मापाचं क्ले मॉडेल, म्हणजे मातीचा नमुना, सुरू करायचंय.

मिशिगनकर

तिरकी_रेघ, प्रश्न छान मांडलास. मी बरीच वर्षं विंड टनेलच्या (गाडीवर हवा सोडून विरोध मोजायच्या बोगद्याच्या) कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक आकडेमोड कर. गाडी १४०० किलोची, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, टायर चांगले, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.००८ धर. टायरांचा विरोध साधारण ११० न्यूटन येतो आणि वेग बदलला तरी तो फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. सीडी ०.२४ असेल तर ताशी ४० ला हवा अडवते जेमतेम ३९ न्यूटनने, १२० ला ३५० च्या वर. आता सीडी ०.२७ कर. ४० ला फरक पडतो ५ न्यूटनचा, १२० ला ४४ चा. शहरात तुझ्या मैत्रिणीचं खरं, हायवेवर सरांचं.

हायब्रीडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रेक दाबल्यावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. म्हणजे वजनाला वेग द्यायला जी ऊर्जा लागली, तिच्यातली काही परत हातात येते. हवेला दिलेली ऊर्जा परत येत नाही, टायर तापवण्यात गेलेलीही नाही. साध्या गाडीत २० किलो वजन वाढलं की चुटपुट लागते. हायब्रीडमध्ये शहरात त्यातलं थोडं वसूल तरी होतं. म्हणून डिझायनरने हट्ट धरायचा तो हवेपाशी आणि चाकांपाशी.

पाचव्या पिढीचं ॲव्हरेज वाढलं ते आकारामुळे नाही. इंजिन १.८ वरून २ लिटरचं झालं, मोटर जोरकस झाली, ताकद १२१ वरून १९४ हॉर्सपॉवर झाली. तंत्रज्ञांनी जे कमावलं त्यातलं थोडं डिझायनरांनी खर्च केलं, उरलेलं ग्राहकाला मिळालं. मला हा सौदा रास्त वाटतो. पण तो सौदा होता हे विसरून चालणार नाही.

टप मात्र त्यांनी ५० मिमी खाली घेतला. सीडी हा नुसता आकाराचा गुण आहे, हवा अडते ती सीडी गुणिले समोरचं क्षेत्रफळ एवढी. रिपोर्टमध्ये कायम हा गुणाकार लिही, एकटा सीडी लिहू नकोस.

चिंचवडचा_टायरवाला

चाकांबद्दल मी बोलतो. त्याच पाचव्या प्रियसमध्ये एलईला १७ इंची चाकं आहेत, वरच्या मॉडेलना १९ इंची. इंजिन तेच, बॉडी तीच. ईपीएचा आकडा ५७ वरून थेट ५२. वरच्या मॉडेलमध्ये जास्तीच्या सोयींमुळे वजन थोडं जास्त आहे हे धरलं तरी मोठा वाटा चाकांचाच. म्हणजे अख्ख्या पिढीची कमाई चार चाकांत गेली!

तरी त्यांनी टायरची रुंदी १९५ मिमीच ठेवलीये, १९ इंचीलासुद्धा. उंच पण अरुंद चाक. बाजूने बघितलं तर भरदार दिसतं, समोरून हवेला कमी आडवं येतं. ही युक्ती तू नक्की घे. स्केचमध्ये सगळी मुलं २० इंची रुंद चाकं काढतात, माझ्या भाच्याच्या वहीतही तेच असतं.

दिंडोरीची_लेक

मी शिकागोजवळ राहते. माझ्या हायब्रीडला हौसेने दोन इंच मोठी चाकं बसवून घेतली होती. लिटरला १९ देणारी गाडी १७ वर आली. सहा महिन्यांनी जुनी चाकं परत चढवली.

दुसरं सांगायचंय ते आईबद्दल. आई नाशिकहून आली की तिला मागच्या सीटवर बसवणं ही कसरत असते. गुडघे दुखतात, त्यात उतरत्या टपाच्या गाडीत मान वाकवून आत शिरायचं. तुमच्या चर्चेत ॲव्हरेज आणि रूप आहे, पण आत बसणाऱ्या माणसाचं काय? टप ५० मिमी खाली आला की ते कुणाच्या तरी डोक्यावर येतं.

तिरकी_रेघ

ताई, हे माझ्याकडून सुटलंच होतं. आजीला घेऊन दाराच्या कटआउटचं पुठ्ठ्याचं मॉडेल करून बघते.

मिशिगनकर काका, मग चौथी पिढी वाईट दिसायची ती हवेसाठी असं सगळे म्हणतात, ते खरं का?

मिशिगनकर

अर्धंच. २०१८च्या शेवटी त्याच पिढीचं फेसलिफ्ट, म्हणजे वरवर बदललेलं रूप, आलं. मागचे उभे, वाकडे दिवे जाऊन आडवे आले, पुढचे दिवे आणि बंपर शांत झाले. टपाची रेघ तीच राहिली. लोकांना खुपत होतं त्यातलं बरंच दिव्यांत आणि कोपऱ्यांत होतं, हवेचं काम करणाऱ्या रेघेत नव्हतं. कुरूपतेचं खापर हवेवर फोडणं मला पटत नाही.

क्ले_आणि_गेरू

क्ले मॉडेलिंगमधून निवृत्त झालोय. हाताने केलेलं सांगतो.

गाडीचं नाक तुला बरंच मोकळं आहे. पुढचे कोपरे पुरेसे गोलावले की त्यापुढे आणखी गोल करून हवा फारसं काही देत नाही. तिथे दिवे, रेघा, चेहरा, तुझी जी काय कल्पना असेल ती कर. बॉनेटवरच्या उथळ रेघा, रंग, दाराच्या पत्र्यावरची सावली यांना हवेचा विरोध नसतो.

शेपटीला मात्र हात लावताना दहादा विचार कर. हवा गाडीपासून सुटते ती मागे, आणि तिथला कमी दाबच गाडीला मागे खेचतो. सरांचा थेंब पूर्ण काढला तर गाडी पार्किंगमध्ये मावणार नाही. वूनिबाल्ट काम या जर्मन अभ्यासकाने १९३०च्या दशकात दाखवलं की लांब शेपूट मध्येच कापली तरी फायदा बराचसा टिकतो. २००३ची दुसरी प्रियस त्याच वाटेने गेली आणि ०.२६ वर आली. कापलेली कड धारदार हवी. डिकीची कड आणि मागच्या दिव्यांची बाहेरची कड गोल केलीस की हवा कुठे सुटायचं ते ठरवू शकत नाही, वळसा घालून आत शिरते. मुलांना गोल कड सुंदर वाटते. धारदार कडही सुंदर करता येते, त्यासाठी कष्ट घे.

आणि वरून बघ. गाडी मागे निमुळती होतेय का? बाजूच्या चित्रात सगळे अडकतात, प्लॅन व्ह्यू, म्हणजे वरचं चित्र, कुणी बघत नाही. तळही सपाट ठेव, तो कुणाला दिसत नाही, त्यामुळे रूपाला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

१९९९च्या होंडा इनसाइटने मागची चाकं झाकून ०.२५ गाठलं होतं. पण तिला दोनच सीटं. तुझी गाडी चौघांची आहे, ते उदाहरण जपून वापर.

चाकणचा_वाटसरू

गाडी कुठे धावणार ते आधी ठरव. आपल्याकडे एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा ॲव्हरेजचा आकडा ज्या मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल या ठरावीक चाचणीवर निघतो, तिचा कमाल वेग ताशी ९० कि.मी. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचा १३१. त्यामुळे आपल्या आकड्यात हवेचा वाटा लहान दिसतो. आणि समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. नागपूरपर्यंत ७०० कि.मी. त्या वेगाने गेलं की कागदावरचं ॲव्हरेज आणि पंपावरचं बिल जुळत नाही. ग्राहकाला वाटतं गाडीत खोट आहे.

तिरकी_रेघ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून ठरवलं : चाकं १७ इंची आणि अरुंद, शेपटीची कड धारदार, वरून निमुळती, तळ सपाट. चेहरा पूर्ण माझा. टप मात्र ३० मिमीच खाली घेतेय. काल आजी पुठ्ठ्याच्या दारातून दोनदा आत-बाहेर झाली. ५० ला तिचं डोकं लागलं, ३० ला नाही. गाडीचा उपयोग म्हणून पुणे ते नागपूर लिहितेय, म्हणजे १२० चा हिशोब दाखवता येईल.

एक वाचलेलं सांगते. पाचव्या प्रियसच्या वेळी टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडांनी ती टॅक्सीसारखी सर्वसाधारण गाडी करावी असं सुचवलं होतं, आणि टीमने पहिल्याच भेटीत प्रेम बसेल अशी गाडी करायची म्हणून ते नाकारलं, असं टोयोटाच्याच सायमन हम्फ्रीज यांनी अनावरणात सांगितलं होतं. सरांना हे सांगून बघणार आहे.

क्ले_आणि_गेरू काका, एक चतुर्थांश मापात धारदार कड क्लेमध्ये टिकत नाही, बोट लागलं की जाते. काय करू?

क्ले_आणि_गेरू

कड क्लेची ठेवूच नकोस. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी कापून शेपटीच्या क्लेमध्ये रोव, ३ मिमी बाहेर राहू दे आणि क्ले तिच्यापर्यंत ओढत आण. पुढे कड मागे-पुढे करून बघायची असेल तर नुसती पट्टी सरकवता येते. पट्टी कापायच्या आधी शेपटीचा साचा पुठ्ठ्यात काढून फोटो इथे टाक, मी बघतो.