शिडाच्या बोटीवर वाइन आणि दारू कुठे, कशी ठेवता? सल्ला हवा आहे

नवा_खलाशी

मंडळी, आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी २६ फुटी शिडाची बोट घेतली आहे. ऑक्टोबर ते मे गेटवेसमोर मुरिंगवर (समुद्रतळाशी पक्क्या बांधलेल्या बोयावर) असते, पावसाळ्यात काठावर. शनिवारी दुपारी निघायचं, मांडव्याला नांगर टाकायचा, रात्र तिथेच काढायची आणि रविवारी परत यायचं, असा आमचा साधारण शिरस्ता. डिसेंबरात जमलं तर गोव्यापर्यंत जाऊ.

बॅटरी एकच. तिच्यावर दिवे, व्हीएचएफ रेडिओ आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेलं पाणी उपसणारा) चालतात, म्हणजे फ्रिजचा विषयच संपला. एक बर्फपेटी आहे तेवढीच.

गेल्या महिन्यात हौसेने सहा वाइनच्या बाटल्या कॉकपिटच्या सीटखालच्या लॉकरमध्ये ठेवून दिल्या आणि तीन आठवडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा दोघींची बुचं अर्धी वर आलेली, एक फुटलेली. राहिलेल्यांतली एक उघडली तर उकडून ठेवलेल्या जांभळांसारखी चव. रम मात्र होती तशीच होती.

तर वाइन, रम, बिअर नेमकी ठेवायची कुठे? आणि बाटल्या फुटू नयेत म्हणून काय करता?

अर्धा_ग्लास

रुमाल टाकून ठेवतो. बोट नाही, पण बाकीचं सामान घरात आहे.

तांडेल_बाबा

अहो, कॉकपिटचं लॉकर म्हणजे भट्टी. वरून ऊन, आत वारा नाही, एप्रिलमध्ये तिथे हात घालवत नाही. बाटलीतली वाइन तापली की फुगते आणि बूच वर ढकलते. मग तिथून हवा आत शिरते. तुमची जांभळं तिथे उकडली.

बोटीवरची सगळ्यात थंड जागा पाण्याच्या रेषेखाली असते. केबिनच्या फळ्या उचला, बिल्जच्या कडेला, कीलच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) जवळ. तिथे बोटीचं कवच थेट समुद्राला टेकलेलं असतं, त्यामुळे दिवसरात्र तापमान फारसं हलत नाही. ऊनही नाही. उजेड वाइनला मानवत नाही, पारदर्शक बाटलीतल्या वाइनला तर मुळीच नाही.

आता खरी गोम. विलायती पुस्तकांत ‘बिल्ज म्हणजे बोटीचं तळघर’ असं लिहिलेलं असतं ते त्यांच्या समुद्रासाठी. वाइनला १२ ते १५ अंश लागतात आणि त्यांचं पाणीच तेवढं गार. आपला समुद्र जानेवारीत कसाबसा २५ वर येतो, मे महिन्यात ३० ला टेकतो. म्हणजे आपलं तळघर कोमट. तिथे वाइन आठवडाभर तग धरेल, मुरणार वगैरे नाही. त्यात लाँच जवळून गेली की मुरिंगवरची बोट कशी डोलते ते तुम्ही बघितलंच असेल. म्हणून मी ठेवणीतली वाइन बोटीवर नेतच नाही. त्या फेरीत जेवढी संपेल तेवढीच न्यायची, उरलेली परत घरी. तीन आठवडे मुरिंगवर सोडायची ती फक्त रम.

आणि बिल्जमध्ये ठेवण्याआधी लेबलं काढा. हे मी ठळक करतो आहे, कारण लेबलांनी मला एकदा रात्री खांदेरीजवळ घाम फोडला होता. बिल्जमध्ये थोडं पाणी असतंच. त्यात लेबलं भिजतात, सुटतात, त्यांचा लगदा होतो आणि तो जाऊन पंपाच्या जाळीवर बसतो. पंप गुरगुरतोय, पाणी बाहेर पडत नाही आणि आम्ही दोघं टॉर्च तोंडात धरून कागदाची चटणी उपसतोय. तेव्हापासून घरीच बादलीत गरम पाणी आणि साबण, अर्धा तास बाटल्या बुडवायच्या, लेबल सोलायचं. काचेवर आणि झाकणावर पक्क्या मार्करने नाव लिहायचं.

खारे_दाणे

बाबांना अनुमोदन. फुटण्यावर उपाय: जुने मोजे. सुती, जाड, लांब. मुलांचे शाळेचे पांढरे मोजे अगदी मापाचे बसतात. एका बाटलीला एक, आणि बाटल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घट्ट. मध्ये फट राहिली तर टॉवेल कोंबा. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणू नका, दुकानातल्या झुरळांची अंडी त्याच्या घड्यांतून येतात आणि मग ती मंडळी भाडं न देता राहतात.

बूचवाल्यांपेक्षा फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घ्या. नाशिकच्या बऱ्याच वाइन आता तशाच मिळतात. आडवी ठेवायची भानगड नाही आणि बूचस्क्रू घरी विसरला म्हणून सुकाणूवर बसून रडायचीही नाही. (हो, अनुभव आहे.)

सोडा_मिसळ

एवढं कशाला? मांडव्याला पोचलात की बाटल्या जाळीत घालून दोरीने समुद्रात सोडा. आपोआप गार.

तांडेल_बाबा

२८ अंशांच्या पाण्यात? अंघोळीचं पाणी तेवढं असतं.

सोडा_मिसळ

😅 मागे घेतो.

मिरची_बोंबील

बिअरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. कॅनला काचेची भीती नाही, पण कॅन बिल्जमध्ये टाकू नका. अॅल्युमिनियम पातळ असतं. खारं पाणी ते खातं, आणि बोट हलते तसे कॅन एकमेकांवर घासून बारीक भोकं पडतात. आमचे बारापैकी चार रिकामे निघाले आणि पुढचे दोन महिने केबिनला दारूच्या गुत्त्याचा वास होता. कॅन कोरड्या जागी ठेवा, मध्ये कापड घाला.

गार करायला: ससून डॉकला बर्फाची लादी मिळते. तुकड्यांपेक्षा अखंड लादी कितीतरी जास्त टिकते. फक्त तो मासळीचा बर्फ आहे, बाटल्यांच्या बाहेरून लावायचा. ग्लासात घालायचा बर्फ वेगळ्या पिशवीत, वेगळा विकत घेतलेला. आणि बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये आदल्या रात्रीच गार करून आणा. बर्फपेटीचं काम गार राखायचं, गार करायचं नाही.

डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, तेव्हा मोजा ओला करून बाटली सावलीत वाऱ्यावर टांगली तरी बरीच गार होते, माठासारखी. मे महिन्यात हा उद्योग करू नका, दमट हवेत मोजा फक्त ओला राहतो.

गलबत_१८

थोडं अवांतर. उष्ण समुद्रातून प्रवास करून सुधारलेली एक वाइन आहे: मदिरा, पोर्तुगालच्या मदिरा बेटावरची. त्या बेटावरची पिंपं जहाजांतून हिंदुस्थानापर्यंत येऊन परत गेली की चव आणखी चांगली लागते, असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं आणि पुढे मुद्दाम तसा प्रवास घडवायला लागले. नंतर तीच उष्णता बेटावरच द्यायला शिकले. तिच्यात ब्रँडी घालून ती कडक केलेली असते म्हणून हे चालतं. तुमच्या साध्या लाल वाइनला जमणार नाही.

नवा_खलाशी

म्हणजे माझी जांभळं आणखी दोन फेऱ्या मारून आली तरी उपयोग नाही 🙂 रमचं काय? ती लॉकरमध्येच राहू दे का?

तांडेल_बाबा

उष्णतेने रम, व्हिस्की बिघडत नाही, पण लॉकर नको. या बाटल्या उभ्याच ठेवा, आडवी ठेवली तर कडक दारू बूच खाते. इंजिनपासून आणि स्टोव्हपासून लांब. चाळीस टक्क्यांची दारू २६ अंशांच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागते आणि आपल्याकडे केबिन त्याच्या खाली क्वचितच असतं. झाकण घट्ट असेल तर काळजी नाही. फुटलेली बाटली आणि पेटता स्टोव्ह एका खोलीत नको.

वजनाचंही बघा. बारा बाटल्यांचा क्रेट म्हणजे पंधरा किलोच्या आसपास. तो डोलकाठीच्या बुंध्याशी, खाली. नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) कोंबलात तर बोट लाटेत नाक खुपसते. आणि चकण्याचे लोखंडी डबे होकायंत्राजवळ ठेवू नका, सुई ओढली जाते. बाटल्यांनी काही होत नाही.

कागदपत्र_काकू

मजा चालू द्या, पण परमिट सगळ्यांचं काढा. आपल्या राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला ते लागतं, बोट आहे म्हणून सूट नाही. पंचविशीच्या आतला भाचा बरोबर असेल तर त्याला रम देता येत नाही. गोव्याहून येताना स्वस्त म्हणून क्रेट भरून आणू नका, परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. उत्तरेला निघालात तर गुजरातेत दारूबंदी आहे हे विसरू नका.

आणि नांगर पक्का बसेपर्यंत सुकाणूवरच्याने थेंबही घ्यायचा नाही. मांडव्याच्या वाटेवर रो-रो, लाँचा, मासेमारीच्या होड्या, उधाणाची ओढ, सगळं एकदम असतं. आमच्या बोटीवर हा नियम माझ्या नवऱ्यालाही लागू आहे, आणि तो कुरकुरतो.

अर्धा_ग्लास

काकू, नवऱ्यांची बाजू कोणी ऐकत नाही.

नवा_खलाशी

अपडेट. सगळ्यांचे आभार. शनिवारी सहाच बाटल्या नेल्या, मोज्यांत घालून, फळ्यांखाली डोलकाठीजवळ. लेबलं आदल्या रात्री काढली. मार्करने नावं लिहायचं काम बायकोकडे होतं. एकही फुटली नाही, पंप व्यवस्थित चालतोय.

फक्त एका झाकणावर नुसतंच ‘लाल’ लिहिलेलं होतं. नांगर टाकल्यावर मोठ्या थाटात चार ग्लास भरले. रंग अगदी शिराझचा. मित्राने पहिला घोट घेतला आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सासूबाईंनी दिलेलं कोकमाचं आगळ होतं. रविवारी सकाळी किनाऱ्यावर नारळ मिळाला, सोलकढी केली.